उसाच्या पट्ट्यात कमी साखरेचं कॉकटेल: घरच्या घरी कसं जमवायचं

कॉकटेलमधली साखर कमी करायची म्हटलं की बहुतेक जण पाक सरळ वगळतात आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवतात. मग ग्लासात उतरतं ते आंबट, पाणचट आणि घशाला लागणारं काहीतरी. दोन घोटांनंतर कुणीतरी गुपचूप कोल्ड्रिंकची बाटली उघडतं आणि बेत तिथंच बारगळतो. चूक साखर काढण्यात नाही. साखर गोडीखेरीज आणखी तीन कामं करत असते: लिंबाची धार बोथट करते, दारूचा चटका झाकते आणि पेयाला अंग, म्हणजे जिभेवरचा भरलेपणा, देते. ती काढली की ही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागतात.

आधी हिशेब

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, जिन, व्होडकाच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल, आणि ग्रॅमला 7 कॅलरी धरल्या तर 70 कॅलरी. आता साखर आणि पाणी समान वजनानं घेऊन केलेला पाक बघा. त्याच्या 30 मिलीत 18 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 72-73 कॅलरी. थोडक्यात, पाकाचा एक पेग आणि दारूचा एक पेग कॅलरीत सारखेच. बारमधल्या 60 मिली रमच्या, 30 मिली पाकाच्या मोहितोत दोनशेच्या वर कॅलरी जातात. नुसता पाक काढला तर एक तृतीयांश भार उतरतो. पाक काढून पेगही 30 वर आणला तर दोन तृतीयांश. म्हणून पुढच्या सगळ्या कृती 30 मिलीच्याच आहेत. ‘हलकं’ म्हणायचं आणि 60 ओतायचं, हे जमत नाही.

साखर कुठं कुठं लपते तेही बघून घ्या. 300 मिली कोलात 30 ग्रॅमच्या वर. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून ते सोड्यासारखंच असं अनेकांना वाटतं, पण बऱ्याच टॉनिकमध्ये 100 मिलीला 8-9 ग्रॅम साखर असते. बाटलीमागचं लेबल वाचा. महाबळेश्वर-पाचगणीहून येताना आणलेला फळांचा क्रश हा मुळात फळाच्या चवीचा पाकच. ऑरेंज, कॉफी वगैरे लिक्योरमध्ये, म्हणजे स्वाद घातलेल्या गोड दारूत, लिटरला 100 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते. साधा सोडा मात्र शून्य. गोटी सोडा चालतो, फक्त साधा मागा; रंगीत असेल तर तो गोड असणार.

रम उसाची म्हणून तिच्यात साखर, हाही एक समज. कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल करताना साखर यीस्ट खातं, आणि उरलंसुरलं ऊर्ध्वपातनात मागं राहतं. वरून गोडवा घातला नसेल तर रममध्ये साखर नसते. रमबरोबरच्या कोलात असते.

आणि गुळाबद्दल. इकडं गूळ घरचा, म्हणून तो ‘चालतो’. चवीला जरूर चालतो, त्याचा खरपूस वास साखरेला येणार नाही. पण हिशेबात गूळ म्हणजे साखरच. मधाचंही तेच.

मापं आणि भांडी

अंदाजे ओतणं हे घरच्या कॉकटेलचं पहिलं दुखणं. साखर भरपूर असते तेव्हा 5 मिली इकडंतिकडं झालं तरी झाकलं जातं. साखर नसली की 5 मिली लिंबू जास्त पडलेलं लगेच जिभेला टोचतं. 30-60 चं स्टीलचं पेग मेजर घ्या. लहान मापांसाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण उत्तम, त्यावर 5 आणि 10 च्या रेघा असतात.

शेकर नसला तर घट्ट फिरकीच्या झाकणाची अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली वापरा. काचेची बरणी चालते, पण ती गार व्हायलाच बर्फ खर्च होतो. गाळायला चहाची गाळणी, फक्त ती वेगळी ठेवलेली असावी. चहाचा वास जिनमध्ये लगेच उतरतो. सोडा घातलेलं पेय बंद भांड्यात कधीही हलवू नका, झाकण उडतं.

बर्फ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ट्रेमधले पातळ, ओले तुकडे भराभर वितळतात आणि बिनसाखरेचं पेय आणखी पाणचट करतात. आमटीच्या वाटीत पाणी गोठवा. मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. बर्फाची भांडी झाकून ठेवा, नाहीतर फ्रीजरमधल्या सुक्या बोंबलाची किंवा लसणाच्या चटणीची आठवण प्रत्येक घोटाला येईल. ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. सोडा रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, कारण गार पाण्यात वायू जास्त टिकतो. कोमट सोडा बर्फावर ओतला की फसफसून निम्मा वायू उडून जातो, आणि साखर नसलेल्या पेयात बुडबुडेच तर जिभेवर भरलेपणा आणतात.

साखरेच्या जागी काय

पहिली गोष्ट फुकटातली: आंबट कमी करा. नेहमीच्या कृतीत 60 मिली दारूला 20-25 मिली लिंबू आणि तेवढाच पाक असतो. पाक काढून लिंबू तसंच ठेवलं की तोल जातो. 30 मिली दारूला 8 ते 10 मिली लिंबू पुरतं. एका मध्यम कागदी लिंबातून साधारण 15 मिली रस निघतो, म्हणजे एक लिंबू दीड ग्लासाला. रस त्याच दिवशी काढलेला हवा. पिळताना साल चुरगळेपर्यंत दाबू नका, तो कडवटपणा झाकायला इथं साखर नाही.

दुसरी गोष्ट मीठ. 10 ग्रॅम मीठ 90 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरा. ग्लासाला चार-पाच थेंब. खारट लागता कामा नये. लागलं तर जास्त झालं. मीठ कडवटपणा दाबतं आणि जेवढी गोडी आहे तेवढी वर आणतं. कलिंगडावर आपण मीठ भुरभुरतो, त्याच कारणानं.

तिसरी गोष्ट वास. बडीशेप, वेलदोडा, दालचिनी यांचे वास आपल्या डोक्यात गोडाशी इतके जोडलेले आहेत की नुसत्या वासानं पेय गोडसर भासतं. 50 मिली व्होडकात एक चमचा किंचित भाजलेली बडीशेप, एक ठेचलेला वेलदोडा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घाला, 24 तास झाकून ठेवा, गाळा. ग्लासाला आठ-दहा थेंब. दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर दालचिनी सगळ्यांवर चढते आणि अर्क तुरट होतो.

गोडीच हवी असेल तर ज्येष्ठमध. त्याच्या मुळात साखरेच्या कैक पट गोड असं द्रव्य असतं. 5 ग्रॅम काड्या ठेचून 200 मिली पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, गार करून गाळा. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. ग्लासाला 15-20 मिली. गोडी जरा उशिरा येते आणि रेंगाळते, त्यामुळं व्हिस्की-रमशी जमतं, जिनशी फारसं नाही. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा मार्ग सोडा.

स्टिव्हियाचं, म्हणजे एका वनस्पतीच्या पानांतल्या बिनसाखरेच्या गोडीचं, विचाराल तर दोन थेंबांच्या पुढं कडू शेपूट लागतं. डाएट कोलाची मात्र एक गोष्ट माहीत हवी. साखर पोट रिकामं होण्याचा वेग कमी करते. डाएट मिक्सरमध्ये ती नसल्यानं तीच दारू रक्तात लवकर चढते. हे सगळ्याच बिनसाखरेच्या पेयांना थोडंफार लागू आहे. म्हणून रिकाम्या पोटी नको.

राहिलं अंग. ते तीन ठिकाणांहून येतं: सोड्याचे बुडबुडे, चहाचा तुरटपणा, आणि काबुली चणे उकडलेलं पाणी. हे चण्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस देतं, आणि कच्च्या अंड्याची भीती नाही. चणे मीठ न घालता उकडा, पाणी अंड्याच्या बलकाबाहेरच्या भागाइतकं चिकट होईपर्यंत आटवा, गार करा.

जिन, काकडी, पुदिना

सुरुवात इथून करा. काकडीच्या पाच पातळ चकत्या शेकरमध्ये लाटण्याच्या टोकानं ठेचा, चांगल्या ठेचा, पाणी सुटू दे. पुदिन्याची सहा पानं मात्र ठेचायची नाहीत. तळहातावर ठेवून एक टाळी मारायची आणि टाकायची. पुदिना कुटला की गवताची कडवट चव येते, आणि मोहितो बिघडण्याचं घरोघरचं कारण हेच. 30 मिली जिन, 10 मिली लिंबू, मिठाच्या पाण्याचे पाच थेंब, चार-पाच बर्फाचे तुकडे. दहा सेकंद हलवा. मोठ्या बर्फाच्या ग्लासात गाळा, ग्लास तिरका धरून 150 मिली गार सोडा कडेनं सोडा, चमच्यानं तळापासून एकदाच वर उचला. साखर एक ग्रॅमच्या आतबाहेर, तीव्रता साधारण सहा टक्के. काकडीचं टोक चाखून बघा. कडू असेल तर सगळा ग्लास कडू होईल.

रम, आलं, गूळ

ही थंडीतली. 50 ग्रॅम ताजं आलं किसून मलमलच्या फडक्यातून पिळा, 20 मिलीच्या आसपास रस निघेल. दहा मिनिटं ठेवला की तळाला पांढरा स्टार्च बसतो. वरचा निवळ रस घ्या, तळ टाका. नाहीतर पेय खडूसारखं लागतं. गूळ आणि पाणी समान वजनानं विरघळवून गाळून ठेवा. गुळात कचरा असतोच, गाळायचा कंटाळा करू नका.

30 मिली डार्क रम, 5 मिली आल्याचा रस, 8 मिली लिंबू, 5 मिली गुळाचं पाणी, बडीशेपेच्या अर्काचे आठ थेंब, वर 120 मिली सोडा. पाच मिली गुळाच्या पाण्यात जेमतेम तीन ग्रॅम साखर येते. पण रम आणि गूळ एकाच उसाचे, ते एकमेकांना उचलून धरतात. साखर शून्यावर आणायचा हट्ट इथं धरू नये.

स्ट्रॉबेरीचा श्रब

डिसेंबर ते मार्च वाई-महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी बाजारात असते. कमी साखरेच्या कामाला हे फळ फार सोयीचं, कारण 100 ग्रॅमला साखर जेमतेम 5 ग्रॅम आणि वास भरपूर. तासगावची द्राक्षं गोडीला अप्रतिम, पण त्यांत 15-16 ग्रॅम. आटपाडीच्या डाळिंबात 13-14. त्यांचा रस पेल्यानं ओतायचा नाही, चमच्यानं घालायचा.

श्रब म्हणजे फळ, थोडी साखर आणि व्हिनेगर. 250 ग्रॅम पिकलेली स्ट्रॉबेरी धुऊन मग देठ काढा; आधी देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं. चिरून 40 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फळ स्वतःच्या रसात बुडालेलं असेल. 60 मिली ॲपल सायडर व्हिनेगर घालून ढवळा, आणखी एक दिवस ठेवा, मग न दाबता गाळा. दाबलं की रस गढूळ होतो. पहिल्या दिवशी व्हिनेगर नाकात जातं, तिसऱ्या दिवशी निवतं. एरवीच्या श्रबमध्ये फळाइतकी साखर असते म्हणून तो महिनाभर टिकतो. हा आठवड्यात संपवा. बुडबुडे किंवा बुरशी दिसली तर फेका.

ग्लासाला 30 मिली व्होडका, 20 मिली श्रब, 150 मिली सोडा. लिंबू नको, आंबट आधीच आहे. साखर साधारण चार ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढी. हाच ग्लास व्होडका वगळून केला तरी अजिबात उणा वाटत नाही, त्यामुळं गाडी चालवणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला तोच द्या.

व्हिस्की सावर, बिनसाखरेचा

30 मिली व्हिस्की, 10 मिली लिंबू, 20 मिली ज्येष्ठमधाचं पाणी, 20 मिली चण्याचं पाणी. आधी बर्फाशिवाय वीस सेकंद जोरात हलवा, मग बर्फ घालून दहा सेकंद. पहिल्या फेरीत फेस तयार होतो, दुसरीत पेय गार होतं. दोन्ही एकदम केलं तर गार, पातळ आणि बिनफेसाचं मिळतं. गाळून लहान ग्लासात, वर दालचिनीची किंचित पूड. चण्याचा वास येत असेल तर पाणी नीट आटलेलं नाही, किंवा दुसऱ्या दिवसाचं आहे.

याला कंटाळा आला तर गार चहा. 3 ग्रॅम पानाचा चहा 200 मिली गार पाण्यात फ्रीजमध्ये पाच तास ठेवून गाळा. 30 मिली व्हिस्कीला 90 मिली. नेहमीची दाणेदार पावडर असेल तर दोन तासांतच गाळा, ती लवकर कडू होते.

वाईनचा स्प्रिट्झर

90 मिली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, व्हाईट वाईन आणि 90 मिली सोडा, बस. पलूसला वाईन पार्क आहे, द्राक्ष दारात आहे, तरी घरी कॉकटेल म्हटलं की वाईन कुणाला आठवत नाही. आपल्याकडची शेनिन ब्लाँ बहुतेकदा किंचित गोडसर असते, सोव्हिन्यॉ ब्लाँ त्यामानानं कोरडी. ‘पोर्ट’ लिहिलेली लाल वाईन गोड असते, ती या कामाची नाही. बर्फाऐवजी गोठवलेली तीन-चार द्राक्षं टाका: पेय गार राहतं, पाणचट होत नाही. द्राक्षं खाल्लीत तर तीनेक ग्रॅम साखर पोटात गेली, एवढं धरा.

आपल्याकडचे दोन मोह

बेदाणे भिजवलेली रम. सांगलीकडं बेदाणा घरोघरी, त्यामुळं ही बाटलीही बऱ्याच घरी सापडते. वास झकास येतो. पण बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखर असते आणि ती रममध्ये उतरते. 100 मिली रमला दहा-बारा दाणे, तेही एका रात्रीसाठी, मग काढून टाका.

दुसरा मोह हळदीचा. हळदीतलं पिवळं द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतं, म्हणून रंग फार सुंदर येतो. 100 मिली जिनमध्ये ओल्या हळदीच्या चार पातळ चकत्या, चार तास. रात्रभर ठेवलं तर मातकट कडू होतं, आणि सांडलं तर ओट्यावरचा डाग महिनाभर हटत नाही.

बिघडलं तर

फार आंबट लागत असेल तर साखरेकडं हात नेऊ नका. आधी मिठाचे दोन थेंब, मग 30 मिली सोडा. पाणचट लागत असेल तर दारू वाढवणं हा उपाय नव्हे. बहुधा बर्फ लहान होता किंवा सोड्यातला वायू उडाला होता, आणि वास वाढवल्यानं काम भागतं: लिंबाच्या सालीचा हिरवा भाग ग्लासावर पिळा, त्यातलं तेल वर तरंगतं. कडू लागलं तर संशयित तीन, सालीचा पांढरा भाग, कुटलेला पुदिना, काकडीचं टोक. आणि सगळं बरोबर असूनही बेचव लागत असेल तर त्याआधी काय खाल्लं ते आठवा. कंदी पेढ्यानंतर जगातलं कुठलंही कोरडं पेय आंबट पाणीच लागणार.

चखण्याला उकडलेल्या शेंगा, काकडी, भाजलेले पापड. भडंग हवंच, पण बऱ्याच भडंगात पिठीसाखर असते, आणि तिखट-खारटानं तहान वाढून दुसरा ग्लास लवकर येतो. प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास साधं पाणी ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. साखर काढली म्हणजे पेय निर्धोक झालं असं नाही. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मागं पडतं, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर ती धोक्याइतकी खाली जाऊ शकते, कधी मध्यरात्रीही. जेवूनच, थोडंच, आणि आधी डॉक्टरांना विचारून. महाराष्ट्रात वाईन-बिअरला 21 आणि इतर दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना. गाडीसाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे, ती कधी ओलांडली हे घरी मोजता येत नाही. चावी आधीच काढून ठेवा.

सहा जणांसाठी

पाहुणे आल्यावर प्रत्येक ग्लास हलवत बसू नका. 180 मिली जिन, 60 मिली लिंबू, 90 मिली गार पाणी आणि मिठाच्या पाण्याचे तीस थेंब एका बाटलीत भरून दोन तास आधी फ्रीजमध्ये ठेवा. हे 90 मिली पाणी विसरू नका. हलवताना बर्फातून जे उतरलं असतं त्याच्या जागी ते आहे. ग्लासाला 55 मिली हे मिश्रण, मोठा बर्फ, 150 मिली सोडा, काकडी-पुदिना ग्लासातच. बाटलीत पुदिना घालून ठेवला तर तासाभरात काळा पडतो. उरलेलं मिश्रण त्याच रात्री संपवा किंवा ओतून द्या. सकाळपर्यंत लिंबू कडू झालेलं असतं.